बेचाळीसचा राहिलेला ठराव



गेल्या पावसाळ्यात बारवी धरणाजवळच्या एका वस्तीत बचत गटाच्या बैठकीला गेले होते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या पोरांना बारवी माहीत असते ती भिजायला जाण्याची जागा म्हणून. पण हे धरण बांधले एमआयडीसीने, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि ते मुख्यतः कारखान्यांसाठी. आपल्या आजोबा-वडिलांना ज्या कंपन्यांत काम मिळाले, त्यातल्या कितीतरी याच पाण्यावर उभ्या राहिल्या. पुढे शहरे वाढली, धरणाची उंची वाढली आणि आणखी गावे पाण्याखाली गेली. विस्थापितांनी वर्षानुवर्षे लढा दिला, तेव्हा कुठे कुटुंबातील एकाला नोकरी देण्याचे मान्य झाले.

त्या बैठकीत पन्नाशीच्या एक मावशी म्हणाल्या, "ताई, घरटी एक नोकरी म्हणजे घरटी एक पोरगा. आमचं नाव रेशनकार्डापुरतं." सगळ्या हसल्या, मीही हसले. मग त्यांची सून हळूच म्हणाली, "आणि बाईला लागली तरी झाडूच देणार ना? तीस वर्षांनी पण झाडूच."

परतीच्या रस्त्याला सुनेचे वाक्य डोक्यातून जाईना. नोकरी मिळणे हा एक प्रश्न आहे. मिळालेल्या नोकरीत वर चढणे हा दुसरा. आपली चळवळ पहिल्यावर रोज बोलते, दुसऱ्यावर क्वचित. त्यातही बाईने वर चढण्यावर जवळजवळ नाहीच. आपल्याला वाटते हा नवा, इंग्रजी पुस्तकांतून आलेला, मोठ्या कंपन्यांतल्या मॅडम लोकांचा विषय आहे. तो तसा नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी तो ऐंशी वर्षांपूर्वी ठराव करून मांडला होता, आणि तो ठराव आपण विसरलो.

मनमाड, १९३८

कारखान्यात आणि रेल्वेत अस्पृश्य कामगार वर का चढत नाही, याचे पहिले स्पष्ट विश्लेषण बाबासाहेबांनी केले. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. आपले दोन शत्रू ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे सगळ्यांना पाठ असलेले भाषण तिथलेच. पण त्याच भाषणातला एक भाग फारसा वाचला जात नाही. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो, हे बाबासाहेबांनी तिथे दाखवून दिले. पोर्टरची जागासुद्धा त्याला मिळत नाही. का? तर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात, आणि अस्पृश्य घरात कसा चालेल? रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये तो कुली राहतो, मिस्त्री किंवा फोरमन होत नाही. कारण मिस्त्रीच्या हाताखाली स्पृश्य कामगार असतात, आणि अस्पृश्याचा हुकूम ते कसे ऐकतील?

हे नीट समजून घ्या. अडचण कामाच्या कौशल्याची नव्हती. साहेबाच्या घरात शिरता न येणे आणि हुकूम ऐकला न जाणे, या दोन गोष्टींनी बढतीचा रस्ता बंद केला होता. आज याला कोणी 'नेटवर्क' म्हणते, कोणी 'लीडरशिप स्किल'. नावे बदलली. बाकी ऑफिसनंतर साहेबासोबत कोण बसते आणि कोणाच्या सूचनेवर टीम नाक मुरडते, हे ज्याच्या त्याने आपल्या ऑफिसात पाहावे.

गिरण्यांतही तेच. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्यांना विणाई खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई, हे कारण. विणाईत पगार जास्त होता, म्हणून विटाळाचा थेट पैशात हिशोब होत होता. १९२८च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांसमोर हा प्रश्न लावून धरला. कामगार एकजुटीच्या घोषणा देणाऱ्यांनाही तो अडचणीचा वाटला, हे विसरू नये.

हे झाले पुरुषांचे. आता बायांकडे वळू.

नागपूर, १९३७ ते १९४२

जाईबाई चौधरी हे नाव प्रत्येक मुलीला माहीत असले पाहिजे. लहानपणी लग्न झालेली ही बाई डोक्यावर ओझी वाहून हमाली करत होती. एका मिशनरी बाईच्या मदतीने ती शिकली आणि मिशनच्या शाळेत शिक्षिका झाली. शिक्षिका अस्पृश्य आहे हे कळताच सवर्ण पालकांनी बहिष्कार घातला आणि तिची नोकरी गेली. म्हणजे मनमाडला बाबासाहेबांनी सांगितले तेच. काम येते की नाही हा प्रश्नच नव्हता. तिच्या हाताखाली बसायला लोक तयार नव्हते. जाईबाई परत हमालीला गेल्या नाहीत. १९२०च्या दशकात त्यांनी नागपूरला संत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. दुसऱ्याच्या शाळेत टिकू दिले नाही, तेव्हा स्वतःची शाळा उभारून त्या तिच्या प्रमुख झाल्या.

डिसेंबर १९३७ मध्ये नागपूरला अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले. शिकलेल्या, पुढारलेल्या स्त्रियांची ही मोठी संस्था. तिथे जेवणाच्या वेळी जाईबाईंना वेगळे बसवण्यात आले. १ जानेवारी १९३८ रोजी नागपुरात अस्पृश्य स्त्रियांनी निषेधाची सभा घेतली. 'सगळ्या बायांचे दुःख एकच' असे म्हणणाऱ्यांना या दोन तारखा सांगाव्यात. व्यासपीठ एक, ताट वेगळे. ज्यांचे ताट वेगळे, त्यांचा मुद्दा त्या व्यासपीठाच्या विषयपत्रिकेवर येणार कसा?

म्हणून आपल्या स्त्रियांनी स्वतःचे व्यासपीठ उभे केले. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे. वीस-पंचवीस हजार स्त्रिया आल्या होत्या. समाजाची प्रगती मी त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, या अर्थाचे बाबासाहेबांचे बोल याच परिषदेतले. ते आपण दर १४ एप्रिलला बॅनरवर छापतो. त्या स्त्रियांनी त्या दिवशी काय मागितले, ते मात्र छापत नाही.

त्यांनी घटस्फोटाचा अधिकार मागितला. बहुपत्नीत्व बंद करा म्हटले. गिरण्या, बिडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत काम करणाऱ्या स्त्रियांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, इजा झाल्यास भरपाई आणि २० वर्षांच्या नोकरीनंतर दरमहा १५ रुपये पेन्शन मागितले. कायदेमंडळांत आणि स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी जागा मागितल्या. आणि आणखी एक ठराव केला: गिरण्यांत स्त्री-कामगारांवर देखरेख करायला पुरुषांऐवजी स्त्रिया नेमाव्यात.

हा शेवटचा ठराव कुठून आला असेल? त्या काळी गिरणीत कामावर घेणे, काढणे, पाळी लावणे, सुट्टी देणे हे सगळे जॉबर-मुकादमाच्या हातात. तो दस्तुरी घेई. बाईकडून तो आणखी काय मागू शकत होता, ते लिहायची गरज नाही. वाइंडिंग-रीलिंग खात्यांत काही नायकिणी होत्या हे खरे. पण त्या खात्यापुरत्याच, वरची उतरंड पुरुषांचीच. म्हणजे देखरेखीची जागा मिळवणे हा या बायांसाठी मानपानाचा विषय नव्हता. कामावर अब्रूने उभे राहता यावे, यासाठी ती जागा हवी होती. जिच्या हातात हजेरीपत्रक, तिच्या खात्यात बाया सुरक्षित, इतका साधा तो विचार होता.

अंगठेबहाद्दर म्हणून हिणवल्या गेलेल्या स्त्रियांनी १९४२ मध्ये हे ओळखले होते. आज समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही यावर जाडजूड निबंध लिहितो.

एक ठराव पुरा, एक अपुरा

आता हिशोब लावू. त्याच दिवशी केलेल्या दोन मागण्या घ्या.

पहिली, स्थानिक संस्थांत जागा. ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. आज उल्हासनगर महापालिकेत, अंबरनाथ आणि बदलापूरच्या पालिकांत आपली बाई निवडून जाते. नवरा मागून कारभार करतो ही तक्रार खरी आहे, पण खुर्ची तिच्या नावावर आहे आणि ती कायद्याने आहे.

दुसरी, कामावर देखरेखीची जागा. इथे काय झाले?

सरकारी नोकरी आधी पाहू. १९५६ला आपण बौद्ध झालो. राज्य सरकारने महाराष्ट्र स्थापनेनंतर नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राने त्यांना अनुसूचित जातीत धरले ते थेट १९९० मध्ये. मधली ३४ वर्षे रेल्वे, पोस्ट, अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी अशा केंद्राच्या आस्थापनांत 'बौद्ध' लिहिणाऱ्याला राखीव जागा नव्हती. धम्म कागदावर आणला की नोकरी जाते, नोकरी ठेवली की धम्म कागदाबाहेर. कितीतरी घरांत हा पेच पडला. बढती सेवाज्येष्ठतेवर मिळते. ज्यांची शिडीची पहिली पायरीच ३४ वर्षे उशिरा लागली, त्यांच्या मुली वरच्या पायरीवर कधी दिसणार?

मग १९९२च्या मंडल निकालात पदोन्नतीतले आरक्षण घटनेच्या तेव्हाच्या तरतुदीत बसत नाही असे ठरले. १९९५ मध्ये ७७व्या घटनादुरुस्तीने कलम १६(४क) आले, २००६च्या नागराज निकालाने त्यावर अटी घातल्या. महाराष्ट्राचा २००४चा पदोन्नती आरक्षणाचा निर्णय २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला आणि ७ मे २०२१च्या शासन निर्णयाने पदोन्नतीतील राखीव जागाही सेवाज्येष्ठतेने भरायचे ठरले. त्या वेळी आपण रस्त्यावर उतरलो, ते बरोबरच होते.

पण त्या मोर्चांत एक गोष्ट कोणी बोलले नाही. महाराष्ट्रात महिलांचे ३० टक्के समांतर आरक्षण आहे, ते सरळसेवा भरतीला. पदोन्नतीला नाही. म्हणजे बौद्ध मुलगी अनुसूचित जाती महिला या जागेवरून लिपिक म्हणून आत येते. पुढच्या पायरीला बाई म्हणून तिची नोंदच होत नाही, आणि बौद्ध म्हणून असलेला आधार कोर्टात अडकून पडलेला. ती दोन्ही बाजूंनी उघडी पडते. आपले पुढारी जातीची आकडेवारी मागतात, महिला संघटना स्त्रियांची मागतात. बौद्ध बाई दोन्ही तक्त्यांत आहे आणि दोन्हींत हरवते.

पालिकेच्या सफाई खात्यात हे आणखी उघड दिसते. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. नवरा वारला की बाई त्याचा झाडू हातात घेते. नोकरीचा वारसा मिळतो आणि जातीच्या कामाचाही. त्या खात्यात चढायची पहिली पायरी म्हणजे मुकादम. तुमच्या वॉर्डात हजेरी घेणारी बाई मुकादम कधी पाहिली आहे का, आठवून बघा. आता तर कायम नोकरीच संपत चालली. कंत्राटी कामगाराला शिडीच नसते. ठेकेदार बदलतो, आणि पंधरा वर्षे काम केलेली बाई पुन्हा पहिल्या दिवसाची होते.

खाजगी कंपन्यांत, आनंदनगर-मोरिवलीपासून बदलापूरच्या माणकिवलीपर्यंत, आरक्षण नाहीच. माझी आत्या अंबरनाथच्या एका कंपनीत पॅकिंगला २६ वर्षे होती. हेल्पर म्हणून लागली, हेल्पर म्हणून सुटली. या काळात तिने तीन सुपरवायझरना काम शिकवले. तिघेही पुरुष, तिघेही तिच्यानंतर लागलेले. तिसरा आला तेव्हा तिने विचारले, मला का नाही? उत्तर मिळाले, "मावशी, रात्रपाळीला तुम्ही थांबणार का?" १९४८च्या कारखाना कायद्याने स्त्रियांना रात्रपाळी बंद केली होती, तेव्हा थांबायचे म्हटले तरी ते तिच्या हातात नव्हते. संरक्षणासाठी केलेला नियम बढती नाकारायला कामी आला. त्याच कायद्यात तीसहून जास्त स्त्री-कामगार असतील तर पाळणाघर सक्तीचे होते. तो मात्र कोणी इतक्या तत्परतेने पाळलेला आत्याने पाहिला नाही.

आपल्यापुरते पाहून चालणार नाही

कायद्याने अल्पसंख्याक म्हणजे फक्त आपण नाही. १९९३ मध्ये केंद्राने मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध आणि पारशी यांना अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले, २०१४ मध्ये जैनांची भर पडली. उल्हासनगरच्या कुठल्याही गल्लीत जीन्सचे धागे कापणाऱ्या बायांकडे पाहा. तिथे बौद्ध आहेत, मुस्लिम आहेत. नगावर पैसे मिळतात. कामाची जागा म्हणजे घराचा उंबरा. २००६च्या सच्चर समितीने मुस्लिम स्त्रिया मोठ्या प्रमाणात अशा घरबसल्या कामांत अडकल्याचे नोंदवले होते. जिथे कंपनीच दिसत नाही, तिथे बढती कुठली? वर्ग एक, गल्ली एक, ठेकेदार एक. मग लढा वेगळा का?

'त्यांनाच नको असते'

यावर ठरलेले उत्तर येते: बायकांनाच बढती नको असते, जबाबदारी नको, बदली नको. अर्धे खरे आहे. बढती घेतली की बदली येते, आणि बदलीच्या गावी बौद्ध एकट्या बाईला भाड्याने खोली मिळवताना आडनाव विचारले जाते. उशिरापर्यंत थांबावे लागते, आणि घरी स्वयंपाक तिचीच वाट पाहत असतो. हे सगळे मोजून ती नाही म्हणते. त्या नकाराला तिची आवड म्हणायचे की हिशोब? बढतीसोबत येणारे ओझे तिच्या एकटीवर टाकायचे आणि तिने ते नाकारले की तिलाच दोष द्यायचा, हा जुना ब्राह्मणी डाव आहे. आपण तो आपल्या घरात खेळू नये.

आणि आपल्या घराबद्दल बोलायलाच हवे. मी ज्या सामाजिक क्षेत्रात काम करते तिथे वस्तीत फिरणाऱ्या बहुतेक बाया, आणि समन्वयक म्हणून मिटिंगला जाणारे बहुतेक पुरुष. एका संस्थेत मी सहा वर्षे क्षेत्रकार्यकर्ती होते. अहवाल मी लिहायचे, सादर दुसरा करायचा. तोही जय भीमवालाच होता. विहाराच्या समित्या पाहा, जयंती मंडळे पाहा, आपल्या कामगार संघटनांचे लेटरहेड पाहा. महिला आघाडी असते, तिचे काम रॅलीत पांढरी साडी नेसून पुढे चालणे. खजिनदार कोण? सरचिटणीस कोण? १९४२ला स्त्रियांच्या परिषदेच्या अध्यक्षपदी सुलोचनाबाई होत्या. आज आपल्या महिला मेळाव्याचा अध्यक्षही पुष्कळदा भाऊच असतो.

मे १९२७ मध्ये बदलापूरला शिवजयंतीचा उत्सव झाला, त्याचे अध्यक्षपद बाबासाहेबांनी भूषवले. महाडच्या सत्याग्रहाला जेमतेम दीड महिना झाला होता. अस्पृश्याने अध्यक्षाच्या खुर्चीवर बसणे याचा अर्थ त्या गावातल्या प्रत्येकाला कळला असेल. खुर्चीचा अर्थ आपल्याला कोणी शिकवायला नको. मग तीच खुर्ची आपल्या बहिणीला देताना आपण का अडखळतो?

काय करायचे

या भागातल्या तरुणांसाठी चार कामे सांगते.

एक, माहिती अधिकारात अर्ज करा. आपल्या पालिकेत सफाई मुकादम किती, त्यात स्त्रिया किती, त्यात अनुसूचित जातीच्या किती. आकडे हातात आल्याशिवाय वाद घालू नका.

दोन, सरकारी आस्थापनेत असाल तर बिंदुनामावली पाहायला मागा, आणि पदोन्नतीच्या प्रत्येक निवेदनात स्त्रियांच्या समांतर आरक्षणाची मागणी जोडा.

तीन, २०१३चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा वाचा. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी, आणि तिची पीठासीन अधिकारी त्याच ठिकाणची वरिष्ठ पदावरची स्त्री असावी असे कायदा म्हणतो. तशी नसेल तर दुसऱ्या कार्यालयातून आणावी लागते. हा कायदा ज्या विशाखा निकालातून आला, त्याच्या मुळाशी भंवरी देवी ही राजस्थानातली मागास जातीची, सरकारी कार्यक्रमात काम करणारी बाई आहे. बालविवाह रोखायला गेली म्हणून तिच्यावर बलात्कार झाला. तक्रार ऐकायला वरिष्ठ जागी बाई हवी हे देशाच्या कायद्याला २०१३ला पटले. नागपूरच्या ठरावात ते १९४२ला होते. तुमच्या कंपनीत ही समिती आहे का, आणि तिची प्रमुख बाई कुठून आणली, एवढे विचारा. बाहेरून आणावी लागली असेल, तर आत वर कोणी बाई नाही याची ती लेखी कबुलीच आहे.

चार, पुढच्या जयंतीला मंडळाच्या पावतीपुस्तकावर आणि बँक खात्यावर एका तरी मुलीची सही असू द्या. हे काम उद्यापासून करता येते, त्याला कुठल्याही कोर्टाची परवानगी लागत नाही.

बारवीच्या त्या सुनेला मी त्या दिवशी उत्तर दिले नव्हते. पुढच्या महिन्यात परत जाणार आहे. जाताना तिच्यासाठी माहिती अधिकाराचा कोरा अर्ज आणि बेचाळीसचे ठराव झेरॉक्स करून नेणार आहे. अर्जावर सही तिची असेल.

जय भीम, नमो बुद्धाय.